मागितल्याशिवाय मीठ नाही

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं एका खोलीत भाड्यानं राहिलो, आणि पहिले सहा दिवस अळणी जेवलो. घरात मीठ नव्हतं असं नाही. मीठ टेबलावरच असायचं, घरमालकांच्या उजव्या हाताशी, गोळ्यांच्या जुन्या काचेच्या बाटलीत. पण ते मागायचं तर त्यांच्या भाषेत मागावं लागे, आणि त्यांची भाषा म्हणजे इंग्रजी नव्हे.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीत मीठ मागितलं. त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि उकडलेला बटाटा खात राहिले. मला वाटलं, कानानं कमी ऐकू येत असेल. दुसऱ्या दिवशी मी सरळ हात लांब केला, तर त्यांनी बाटली उचलून शर्टाच्या खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी मी खालच्या दुकानातून मिठाचा पुडा आणून टेबलावर आपटला. मीही पुण्याचा, असा कुणी शिस्त लावायला लागला की माझं डोकं फिरतं. त्यांनी तो पुडा उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटात नीट ठेवून दिला आणि परत येऊन म्हणाले, "किचन सॉल्ट, किचनमध्ये. टेबलवर हे एकच. तुला पाहिजे? कॅन. पण विचार नीट."

सातव्या दिवशी भूक जिंकली. त्यांनी आधी चार वेळा म्हणून दाखवलेलं वाक्य मी कसंबसं म्हटलं, "कुर हुगम अन सालन." एवढंच, 'मला मीठ द्या.' ते खुर्चीतून उठले, बाटली दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली आणि पुन्हा बसताना त्यांचे डोळे चक्क भरलेले होते. मग त्यांनी विचारलं, तुझ्या भाषेत हे कसं म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी बोटानं टेबलावर ताल धरून ते घोकलं आणि तिथल्या तिथं नियम बदलला: एक दिवस बाटली त्यांच्या हाताशी, एक दिवस माझ्या, आणि रविवार त्यांचाच. माझ्या दिवशी त्यांनी मराठीत मागायचं, त्यांच्या दिवशी मी त्यांच्या भाषेत. त्या दिवसानंतर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सिंगापूरच्या त्या घरात एक सत्तरीचा गोरा माणूस "मीठ द्या" म्हणून मगच जेवायला लागे. एकदा मी गंमत म्हणून न ऐकल्यासारखं केलं, तर त्यांनी पिठलं तसंच अळणी संपवलं. नियम म्हणजे नियम.

ते मूळचे आयर्लंडचे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर काही गावं अशी आहेत, जिथं लोक अजून घरात इंग्रजी बोलत नाहीत, त्यांची जुनी आयरिशच बोलतात. त्यातलं एक गाव त्यांचं. तेविसाव्या वर्षी जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर म्हणून इथं आले, इथल्याच एका चिनी बाईशी लग्न केलं आणि राहिले. मूलबाळ नव्हतं. मी राहायला गेलो तेव्हा बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. इंग्रजी बोलताना ते बेडोकच्या मार्केटातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखेच बोलत, तसाच हेल, तसंच शेवटी 'लाह'. पण तोंडात स्वतःची भाषा आली की माणूस बदले, पाठसुद्धा सरळ होई.

इथं वयानं मोठ्या कुणालाही अंकल म्हणतात. तसं मी म्हटलं, तर ते म्हणाले, अंकल तर टॅक्सीवाल्यालाही म्हणतात, तुमच्याकडे दुसरं काही नाही का? मी 'काका' म्हटलं. ते त्यांना इतकं आवडलं की लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगत सुटले, आयॅम काका. मला मात्र ते नावानं हाक मारत नसत. रविवारी आई व्हिडिओ कॉलवर 'बाळा' म्हणायची, ते ऐकून त्यांना ते माझं नावच वाटलं. खरं कळल्यावरही त्यांनी ते बदललं नाही. बत्तीस वर्षांच्या, टक्कल पडू लागलेल्या मला मार्केटात सगळ्यांसमोर "बाळा, चल" म्हणत. तिथल्या एका सूपवाल्या बाईलाही ते पाठ झालं होतं. तिच्या माशाच्या सुपात हे खिशातली बाटली काढून मीठ टाकत, तेव्हा ती दर वेळी सांगायची, "अंकल आह, ऑलरेडी सॉल्टी लाह." ते तिलाही काका म्हणायला शिकवत होते. ती काही शिकली नाही.

त्यांच्या घरात दोन घड्याळं होती. एक सिंगापूरचं. दुसरं त्यांच्या गावचं, आणि त्याच्या खाली भरती-ओहोटीचं छापील कोष्टक. ते कोष्टक त्यांची बहीण दर वर्षी टपालानं पाठवी. जेवता जेवता मान वर करून ते मला बातमी देत, "आता पाणी धक्क्याला लागलं." किंवा, "आता चालत बेटावर जाता येतं." ईस्ट कोस्टचा समुद्र दहा मिनिटांवर होता, पण त्याला ते समुद्र मानत नसत. म्हणत, ते कोमट सूप आहे, त्यात नूडल्स टाका.

त्या गावात, धक्क्याच्या अगदी टोकाला, त्यांच्या घरचं हॉटेल होतं. आठ खोल्या, खाली एक जेवणघर, पांढऱ्या चुन्याच्या भिंती. वडिलांनी बांधलं, आईनं चालवलं. उन्हाळ्यात शहरातली मुलं तिथं ती भाषा शिकायला येऊन राहत, आणि आईचा दंडक होता, टेबलावर जे काही हवं असेल ते इथल्या भाषेत मागायचं. मागता आलं नाही तर उपाशी राहा, किंवा शेजारच्याकडून शिकून घ्या. "भुकेला माणूस पटकन शिकतो," असं ती म्हणे. काकांच्या मते नुसत्या त्या टेबलावर बाहेरची शेकडो माणसं ती भाषा शिकून गेली असतील. ते असंही म्हणत की भाषा आधी जेवणाच्या टेबलावरून उठते, मग घरातून, मग गावातून. आईला त्यांनी शब्द दिला होता, की ते टेबल तसंच राहील. पण ते स्वतः तेविसाव्या वर्षी निघून आले होते आणि ते टेबल बहिणीनं एकटीनं सांभाळलं होतं. ती लग्न न करता तिथंच राहिली. हे सांगताना ते नेहमी खिडकीबाहेर पाहत.

मी राहायला गेलो त्या वर्षीच बहिणीनं हॉटेल विकायचं ठरवलं. तिचे गुडघे गेले होते आणि झोपायची खोली माडीवर होती. गावातच एखादं छोटं, बैठं घर घ्यायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत उरलेले दिवस काढायचे, एवढीच तिची इच्छा होती. काकांनी विरोध केला नाही. निघून गेलेल्या माणसाला विरोधाचा हक्क नसतो, असं तेच म्हणाले. फक्त एक अट घातली: जाहिरात मी लिहिणार, आणि आपल्या भाषेतच लिहिणार. ज्याला ती वाचता येईल तोच घेईल.

ती जाहिरात त्यांनी अकरा दिवस लिहिली. रेघा असलेल्या वहीत, पेन्सिलनं, खोडून खोडून. रोज संध्याकाळी मला तिचा अर्थ सांगत. अशी जाहिरात मी जन्मात पाहिली नव्हती. किती बाथरूम आहेत, जागा किती चौरस फूट, याबद्दल एक अक्षर नाही. तीन नंबरच्या खोलीची खिडकी नैर्ऋत्येचा वारा सुटला की बंद होत नाही, हे मात्र लिहिलं होतं. जिन्याची सातवी पायरी वाजते, ती दुरुस्त करू नये, रात्री कोण आलं ते त्यावरून कळतं, हेही होतं. सील कोणत्या महिन्यात धक्क्याशी येतात, ते होतं. आणि शेवटी टेबलाचा नियम. मी म्हटलं, काका, यात घराचे सगळे दोषच दिसतायत. ते म्हणाले, "जो राहणार आहे त्याला दोष आधी कळायला पाहिजेत."

मी आयटीतला, म्हणून घरं विकायच्या एका साइटवर ती चढवायचं काम माझ्याकडे आलं. खातं मीच उघडलं, पासवर्डही मीच ठेवला. फॉर्ममध्ये दोन चौकटी होत्या, एक त्यांच्या भाषेसाठी, एक इंग्रजीसाठी. इंग्रजीच्या चौकटीत काय लिहू, असं विचारल्यावर ते म्हणाले, "फुल स्टॉप." मी एक पूर्णविराम दिला. साइटनं तो घेतला नाही, म्हणून आणखी दिले. अशी ती जाहिरात आठ महिने तिथं होती, वर पानभर मजकूर आणि खाली ठिपक्यांची रांग.

आठ महिन्यांत एक शिक्षक नवरा-बायको येऊन पाहून गेले. त्यांना भाषा येत होती, पण झेपणार नव्हतं. त्यानंतर कुणी नाही. काका दर शनिवारी विचारत, काही पत्र? मी नाही म्हणे. ते भरती-ओहोटीचं कोष्टक पाहत आणि म्हणत, घाई नाही.

घाई होती. काका मार्केटात गेले असताना एके दुपारी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला. ती जिन्यावरून पडली होती, मनगटाला प्लास्टर होतं. तिनं ते हसत दाखवलं आणि मग हसणं थांबवून म्हणाली, त्याला सांगू नकोस, पण मी फार दमले आहे.

पुढं मी जे केलं ते दयेपोटी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. थोडी दया होतीही. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त होती ती माझी शहाणपणाची खाज. दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की आमचा हात शिवशिवतो. आठ महिने मी ती ठिपक्यांची रांग पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, जाहिरात अशी असते का? पुण्यात फ्लॅट विकताना आमच्या बाबांनी जशी दिली होती तशी मी दिली. ठिपके पुसून त्यांच्या जागी, इंग्रजीत, सहा ओळी. सी-फेसिंग. प्राइम लोकेशन. क्लिअर टायटल. धक्क्यापासून चालत एक मिनिट. सगळ्या खोल्यांना भरपूर उजेड. आणि शेवटी, रिडेव्हलपमेंटसाठी उत्तम. ही शेवटची ओळ लिहिताना मी थांबलोसुद्धा नाही. आमच्याकडे ती लिहितातच.

काकांना मी सांगितलं नाही. बहिणीलाही नाही. म्हटलं, गिऱ्हाईक तर येऊ दे, मग पाहू.

तीन आठवड्यांत गिऱ्हाईक आलं. काका ईमेल वापरत नसत, त्यांची पत्रं माझ्याच लॅपटॉपवर यायची. मी ते उघडलं आणि पाहतच राहिलो, कारण पत्र त्यांच्या भाषेत होतं. दोन परिच्छेद, खाली एका तरुण माणसाचं नाव. मला मजकूर समजत नव्हता, पण सगळ्यात खाली एक इंग्रजी ओळ चुकून राहून गेली होती: हे पुरेसं औपचारिक झालंय का, हवं असल्यास आणखी आपुलकीच्या सुरात लिहून देऊ का? अशा ओळी मी ऑफिसात रोज पाहतो. त्या माणसानं इंग्रजीत विचारून यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं आणि उत्तर जसंच्या तसं चिकटवलं होतं.

काका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "बाळा, पत्र?"

मी "हो" म्हटलं. मग ती खालची ओळ मी पुसली आणि पत्राची प्रिंट काढली.

 ती ओळ तशीच ठेवली असती, तर त्यांनी मला विचारलं असतं की याचा अर्थ काय, या माणसाला जाहिरात कळली कशी, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं. ते टळावं म्हणून पुसली असणार. ती ओळ पाहिलेला तिथं मी एकटाच होतो, आणि माझ्या बोटांनी ते काम माझ्याआधी उरकलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

त्यांनी ती प्रिंट उभ्यानंच वाचली. मग बसून वाचली. मग पेन्सिल घेतली आणि चुका दुरुस्त करू लागले. मला दाखवत होते, हे बघ, इथं चुकला, इथंही चुकला, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. मला वाटलं, आता ओळखतील. पण वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता. "चुका आहेत म्हणजे शिकतोय," ते म्हणाले. "आमच्या गावचा नाही. बाहेरचा आहे. बाहेरून येऊन शिकतोय, बाळा." ते पत्र त्यांनी फ्रिजवर चिकटवलं. संध्याकाळी मार्केटातून केक आणले, शेजारच्यांना वाटले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं, आमच्या टेबलाला माणूस मिळाला. मी दोन केक खाल्ले. नको म्हणता आलं नाही म्हणून दुसरा खाल्ला.

त्याच आठवड्यात ते झोपलेले असताना, दुपारी, मी साइटवर जाऊन माझ्या सहा इंग्रजी ओळी काढल्या आणि तिथं पुन्हा ठिपके भरले.

व्यवहार पुरा व्हायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत सांगायला मला रोज वेळ होता. सकाळी कोपीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात, संध्याकाळी टेबलावर, एकमेकांना मीठ देता-घेता. एकदा मी सुरुवातही केली. म्हटलं, काका, तो माणूस खरंच बोलत असेल का हो, फोन करून बघू या? ते म्हणाले, नको, नवीन शिकणाऱ्याला फोनवर घाबरवू नये. मी विषय तिथंच सोडला. खरं तर मला हायसं वाटलं होतं.

सह्यांसाठी ते स्वतः गेले. जाताना त्या माणसासाठी भेट घेतली होती: मीठ ठेवायचं एक लाकडी भांडं, झाकणाचं. बरोबर एक वही, त्यात घराबद्दलच्या सूचना, जाहिरातीत न मावलेल्या. चांगी विमानतळावर त्यांची बॅग मी ओढत नेली. वाटेत एमआरटीच्या गाडीत त्यांनी वही उघडून मला शेवटचं पान दाखवलं. तिथं त्यांनी मीठ मागायचं वाक्य लिहिलं होतं आणि खाली, देवनागरीत, लहान मुलासारख्या अक्षरात, 'मीठ द्या'. म्हणाले, त्याला सांगणार आहे, हे टेबल आता दोन भाषांचं झालंय. विमानतळाच्या दाराशी पोचल्यावर सगळं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं तर निघालं ते "जाऊन या, काका." रविवारच्या कॉलवर माझ्या आईनं त्यांना शिकवून ठेवलं होतं, निघताना 'जातो' म्हणायचं नाही. ते आत जाताना वळले आणि म्हणाले, "येतो."

तिथं काय झालं ते मला बहिणीनं सांगितलं, चार दिवसांनी, फोनवर. ती खुशीत होती. बैठ्या घरात झोपते आता, म्हणाली. खरेदीदाराबद्दलही तिची तक्रार नव्हती. सभ्य मुलगा, आईला घेऊन आला होता. हॉटेलचे तो सुट्टीसाठी भाड्यानं द्यायचे फ्लॅट करणार होता, आकडे दाबून उघडायच्या दारांचे. जेवणघराचे दोन फ्लॅट होणार होते. काकांनी त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, तेव्हा तो ओशाळून हसला आणि त्यानं खिशातून फोन काढला. फोनमध्ये इंग्रजीत बोलला, आणि फोननं काकांना त्यांच्या भाषेत नमस्कार केला.  मग त्यांनी मिठाचं भांडं टेबलावर ठेवलं, पेन मागितलं आणि सही केली. बहिणीनं बैठ्या घराचा शब्द देऊन टाकला होता. तिच्यासाठी सही केली असणार.

ती पुढं म्हणाली, "मी त्याला म्हटलं, शेवटी इंग्रजी घातलंस ते बरं केलंस, नाहीतर आपण दोघं वाट पाहत मेलो असतो. त्या मुलाकडे जाहिरातीचा कागद होता, तो मी त्याला दाखवला. त्यानं तो वाचला. कागद घडी करून खिशात ठेवला." मग तिनं विचारलं, की क्लिअर टायटल असं तुमच्याकडे म्हणतात का? आमच्याकडे असं कुणी लिहीत नाही.

मी म्हटलं, म्हणतात.

ते परत आले त्या दिवशी मी ऑफिसमधून सुट्टी घेतली होती. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, मराठीत. दार उघडलं. त्यांच्या हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात ती वही. मी म्हटलं, "काका, मला काहीतरी सांगायचं आहे."

"आय नो," ते म्हणाले, आणि मला माझ्या नावानं हाक मारून, अगदी शांत, स्वच्छ इंग्रजीत, विचारलं की किटलीत पाणी आहे का.

त्या 'आय नो'च्या शेवटी 'लाह' नव्हतं. त्यानंतर माझ्याशी त्यांनी मराठीचा एक शब्द काढला नाही, आणि त्यांच्या भाषेचाही नाही. राग दिसत नव्हता. उलट पूर्वीपेक्षा जास्त अदबीनं वागत. खोली आवडते का, एसी नीट चालतो का, असं विचारत, घरमालक भाडेकरूला विचारतो तसं. फ्रिजवरचं पत्र निघालं होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक जागेवर होतं, पण पाणी कुठवर आलं ते आता ते मला सांगत नव्हते.

रविवारी आईचा कॉल आला. तिनं नेहमीप्रमाणे काकांना बोलवायला सांगितलं. मला वाटलं, येणार नाहीत. आले. खुर्ची ओढून बसले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आई, नमस्कार. जेवण झालं? गुडघा कसा आहे?" आईनं त्यांच्या हॉटेलचं विचारलं. ते म्हणाले, "विकलं. बहीण खुश आहे." आई म्हणाली, चला, चांगलं झालं, आमच्या बाळानं मदत केली ना तुम्हाला? ते म्हणाले, "हो. खूप केली." तिच्याशी पाच मिनिटं बोलले, सगळं मराठीत. तिच्याशी त्यांचं काहीच वाकडं नव्हतं. फोन माझ्या हातात देताना "हिअर यू गो" म्हणाले.

त्या दुपारी स्वयंपाक मी केला. पिठलं, कारण ते त्यांना आवडायचं. मीठ मुद्दाम घातलं नाही. रविवार होता, नियमानं बाटली त्यांच्या हाताशी, आणि ती तिथंच होती. सकाळपासून मी ते एकच वाक्य घोकत होतो, त्यांनी शिकवलेलं, सातव्या दिवशी कसंबसं म्हटलेलं. माफी मागायचे शब्द त्यांच्या भाषेत मला येत नव्हते. ते मी कधी शिकलोच नव्हतो. मला फक्त मीठ मागता येत होतं. वाटलं होतं, ते नीट मागेन, एकेक शब्द त्यांनी शिकवला तसा, आणि मग ते बाटली खिशात ठेवतील, मला ताटकळत ठेवतील, चुका काढतील, अळणी जेवायला लावतील. त्यातलं काहीही चाललं असतं.

आम्ही बसलो. त्यांनी पहिला घास खाल्ला. मी मान वर केली आणि तोंड उघडलं.

त्याआधीच त्यांनी बाटली उचलून माझ्या ताटाशी ठेवली. "हेल्प युवरसेल्फ," ते म्हणाले आणि पिठलं तसंच खाऊ लागले.